बिवलकरकाकांचं लक्ष

बिवलकरकाका बोलताना समोरच्या माणसाकडे कधी बघायचे नाहीत. सुरुवातीला मला तो शुद्ध उर्मटपणा वाटला. आपण विचारावं, "काका, सई जेवली का नीट?" आणि त्यांनी आपल्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत सांगावं, "जेवली. भात सांडला, वरण प्यायली." आपण मागे वळून पाहावं, तर दाराजवळ चपलांच्या ढिगात बसून कुणाचं तरी पोर एक सँडल तोंडात घालायच्या बेतात असायचं. काका त्याच्याकडे बघत असायचे. संध्याकाळी शेवटचं मूल घरी जाईपर्यंत मोठ्या माणसांच्या तोंडाकडे बघायला त्यांना सवड नसे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरी पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत काका-काकूंचं पाळणाघर होतं. तेव्हा पाळणाघर हा शब्द उच्चारताना नातेवाईक आवाज खाली आणत. "मुलीला पाळणाघरात ठेवणार?" असं माझ्या मावसासासूबाईंनी विचारलं, ते मी तिला रस्त्यावर ठेवणार असल्यासारखं. पण सासूबाई बोरिवलीला मोठ्या दिरांकडे, माझी आई रत्नागिरीला. मी वांद्र्याच्या सरकारी कचेरीत, माझा नवरा सुधीर मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला. वाढवून घेतलेली माझी बिनपगारी रजाही संपत आली होती. नोकरी टिकवायची तर दीड वर्षाच्या सईला दिवसभर कुणाच्या तरी हवाली करणं भाग होतं.

पाळणाघर मुळात सुमनकाकूंचं. गोल चेहऱ्याच्या, तोंडात कायम काहीतरी गाणं, आणि कडेवर एक मूल असताना दुसऱ्याला भरवणाऱ्या. काका गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन घरी बसले आणि महिन्याभरात पाळणाघराचा ताबा त्यांनी घेतला. काकू म्हणायच्या, "मी मुलांना खेळवते, हे मुलांना बघतात." ते अगदी खरं होतं. काकांनी कुणा मुलाचा गालगुच्चा घेतलेला, कुणाला गोष्ट सांगितलेली, कुणाला उचलून घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. दोन खोल्यांच्या मधल्या दारात ते एक बुटकं स्टूल टाकून बसत. तिथून पुढचं दार, मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा तिन्ही दिसत. मुलं असेपर्यंत वर्तमानपत्र उघडायचं नाही. चहासुद्धा कपाकडे न बघता प्यायचा. पुष्कळदा तो सदऱ्यावर सांडे आणि काकू धुण्याच्या नावानं कुरकुरत.

"मूल घेण्याआधी मी घर बघतो," काका मला पहिल्याच भेटीत म्हणाले.

आम्हाला वाटलं, माणसं कशी आहेत ते बघायला येत असतील. मी पोहे केले, सुधीरनं रविवार असून दाढी केली. काका आले, पोह्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, चष्मा नाकावर घट्ट बसवला, लेंग्याचे पाय वर खोचले आणि आमच्या बाहेरच्या खोलीत चक्क हात टेकून रांगायला लागले. सईला एव्हाना चालता येत होतं, पण असा सवंगडी मिळाल्यावर तीही खाली बसली आणि त्यांच्या मागोमाग रांगत निघाली. सुधीर हसू दाबायला गॅलरीत गेला.

"ही इस्त्रीची वायर खाली लोंबतेय. ओढली की इस्त्री डोक्यात," खालून आवाज आला. मग कॉटखालून, "इथे डांबराच्या गोळ्या आहेत. पेपरमिंटासारख्या दिसतात." मग मोरीतून, "पिंपाला झाकण आहे, ठीक. पण पिंपाशेजारी स्टूल कशाला? तिला जिना करून दिलाय का?" मी मागून हो हो करत फिरत होते. लग्नाआधी मला दाखवायला नेलं तेव्हाही जेवढा संकोच वाटला नव्हता तेवढा मला माझंच घर दाखवताना वाटत होता. शेवटी काका ओट्याखाली शिरले आणि एक बाटली घेऊन मागे सरकत बाहेर आले.

"ही कसली?"

"रॉकेल आहे. स्टोव्हचं," मी म्हटलं.

"वर तर संत्र्याच्या सरबताचं लेबल आहे."

त्या काळी कुणाच्या घरी रॉकेल सरबताच्या बाटलीत नसायचं? चांगलं बूच असलेली बाटली टाकून देणं हे आमच्यात पाप होतं. सुधीर गॅलरीतून आत येत म्हणाला, "आम्हाला माहीत असतं ना, काका."

"पाळणाघरात तुम्हाला घालायचंय का?"

सुधीरला गप्प बसवत नाही. "पण तिला लेबल वाचता कुठे येतंय अजून?"

काका गुडघ्यांवर बसल्या बसल्या सईकडे वळले आणि बाटली तिच्यासमोर धरली. सईनं चित्रातल्या संत्र्याकडे पाहिलं, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "मंमं."

सुधीरचं हसू तिथंच थांबलं. काकांनी बाटली फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली, हात धुतले आणि मग पोहे खाल्ले, दोनदा मागून. "दिवसभर मी बघायचं आणि संध्याकाळी तुमच्याकडे येऊन तिनं रॉकेल प्यायचं, याला काही अर्थ आहे का?" एवढंच म्हणाले. सई सोमवारपासून जाऊ लागली. पोचवायचं आणि आणायचं काम माझंच. सुधीर म्हणे, "मी नको बुवा. मला बघितलं की ते पुन्हा रांगायला लागतील."

सकाळी मूल आत घेताना काका त्याच्या झबल्यावरून बोटं फिरवत. तेव्हा आम्ही सगळ्या आया मुलांच्या छातीला सेफ्टीपिननं रुमाल लावायचो. काका ती पिन काढून आमच्याच हातात देत आणि रुमालाला गाठ मारत. आम्ही पिना बांगडीत अडकवून ऑफिसला जायचो. बांगड्यांना पिना लटकवलेली बाई दिसली की ही बिवलकरांकडची, असं स्टेशनच्या वाटेवर ओळखता यायचं. आमची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. मी सईची आई. बँकेतली कुंदा ही पिंकीची आई. हुद्दा, शिक्षण, माहेर यांतलं काही त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

आणि एक नियम होता. मूल द्यायचं ते फक्त आईच्या किंवा बापाच्याच हातात. एकदा कुंदाची सासू पिंकीला न्यायला आली. मालवणकडची, सहावारी नेसणारी, आवाजानं गल्ली हलवणारी बाई.

"चेडवाक माझ्या हातात दी," ती म्हणाली.

"आजी, आत या, बसा, चहा घ्या. मूल मिळणार नाही."

"मी तिची आजी आसय! तू कोण इचारणारो?"

"मला तिच्या आईनं सांगितलेलं नाही," काका तिच्या डोक्यावरून मोरीकडे बघत शांतपणे म्हणाले.

आजीनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकूंनी चहा केला. आजीनं चहा पिता पिता उरलेल्या पिढ्यांचाही केला आणि कुंदा येईपर्यंत भिंतीला टेकून बसली. कुंदा आल्यावर लाजेनं अर्धी झाली. "काका, सासूबाई आहेत हो माझ्या!" काका म्हणाले, "असतील." आठवड्याभरानं आजी परत आली, पण नातीला न्यायला नाही. काकूंसाठी कोकमं घेऊन आली होती. "घोव तुझो चक्रम आसा," ती काकूंना म्हणाली, "पण पोरां सुरक्षित आसत."

एकदा मी काकूंना विचारलं, तुमच्या स्वतःच्या मुलाच्या वेळीही हे असेच होते का? काकू पदर तोंडाशी धरून हसल्या. "छे गं. तेव्हा कुठले हे! छापखान्यातून आले की पुस्तकात डोकं. प्रकाश एकदा दिवसभर गच्चीत अडकला होता, यांना पत्ता नाही." काका मधल्या दारातून म्हणाले, "तेव्हा नशिबावर चाललं. आता ठेवत नाही नशिबावर." त्यात पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. पूर्वी मी विडी ओढायचो, आता सोडली, असं म्हणावं तसं म्हणाले.

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असे. आवारात मांडव, स्पीकर, प्रसादाचा शिरा आणि दोन्ही इमारतींतली झाडून सगळी माणसं. त्या वर्षी काका-काकूंनाही बोलावलं होतं. आरती झाली, बायका गप्पांत, पुरुष खुर्च्या ओढून राजकारणात. काका तीर्थ घ्यायला पुढे आले आणि तसेच मागे वळून उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण गुरुजींनी नुकताच माइक सोडला होता आणि तो काकांच्या तोंडाजवळ होता.

"सगळ्यांनी आपापलं मूल कुठे आहे ते बोटानं दाखवा बघू," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, काहीतरी करमणूक आहे. बोटं वर झाली. मी आजूबाजूला पाहिलं. शिऱ्याच्या टोपाजवळ एकटा खेळणारा एक मुलगा होता, त्याच्याकडे आई, आत्या आणि आजी अशी तीन बोटं. पाच-सहा बायका बोटं इकडेतिकडे हलवत उभ्या, "असेल, आत्ता तर इथे होता." दुसऱ्या मजल्यावरचे गद्रे आपल्या बायकोकडे बोट दाखवत होते आणि बायको त्यांच्याकडे. सई माझ्याच पायाशी होती, पण ते मला खाली पाहिल्यावर कळलं. गद्र्यांचा तीन वर्षांचा मुलगा फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, उभ्या टेम्पोच्या मागच्या चाकाजवळ बसून गिट्टी गोळा करताना सापडला. टेम्पो मांडववाल्याचा होता. ड्रायव्हर प्रसाद घेऊन निघतच होता.

काही झालं नाही. गद्र्यांनी मुलाला एक धपाटा घातला, तो मुलगा कारण न कळून रडला. काका त्यांना म्हणाले, "त्याला का मारता? तो बिचारा आपलं काम करत होता." आणि शिरा न घेता घरी गेले. नंतर बरेच दिवस लोक म्हणत होते की म्हाताऱ्यानं शुभकार्यात विघ्न आणलं. मला मात्र त्या रात्री प्रथमच सुखाची झोप लागली, या विचारानं की आपली मुलगी रोज दिवसभर या माणसाच्या समोर असते.

सई तीन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. कुंदाचा नवरा कंपनीच्या कामाला पुण्याला गेला होता. त्याचा धाकटा भाऊ मालाडहून सहज भेटायला आला, घराला कुलूप, म्हणून पाळणाघराशी आला. तीच उंची, तशीच मिशी. "काका, पिंकीला नेतो," म्हणाला. पिंकी आनंदानं ओरडत धावली. काकांनी तिचा हात त्याच्या हातात दिला.

थोड्या वेळानं मी आणि कुंदा बरोबरच पोचलो.

"पिंकी गेली तिच्या बाबांबरोबर," काका म्हणाले.

"काका, हे तर पुण्याला आहेत," कुंदा म्हणाली.

आतून काकूंचं गाणं बंद झालं. काका स्टुलावरून उठले आणि चपला न घालता रस्त्यावर धावले. मी इतक्या वयस्कर माणसाला तसं धावताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आम्ही मागे. कोपऱ्यावर गोळेवाल्याच्या गाडीशी कुंदाचा दीर उभा होता, कडेवर पिंकी, तिच्या तोंडाभोवती सगळं लालेलाल. "अरे वैनी! म्हटलं, तुझी एक फेरी वाचवू," दीर म्हणाला. कुंदा आधी मटकन फुटपाथवर बसली आणि मग हसायलाच लागली. मीही हसले. गोळेवालाही हसला. आम्हाला सुटल्यासारखं झालं होतं. फक्त काका गाडीच्या दांडीला धरून दम खात उभे होते.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना थांबवलं. मुलांना काकूंनी आतल्या खोलीत घेतलं, दार लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा काका आमच्या तोंडाकडे बघून बोलले, आणि त्यांचे डोळे मी पहिल्यांदा नीट पाहिले. दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखी दिसत होती.

"महिनाअखेर पाळणाघर बंद."

"एवढ्यासाठी?" कुंदा म्हणाली. "झालं गेलं ना, काका. आमच्या नोकऱ्यांची वाट लागेल."

"तुमची मुलगी मी भलत्याच माणसाला दिली."

"अहो, सख्खा काका आहे तो तिचा!"

"तो निघाला काका. दुसरा कुणी असता तरी मी दिलीच असती. मला उंची दिसली, मिशी दिसली. बाकीचं मी मनानं भरलं." काका थांबले. "छापखान्यात असंच व्हायचं. ओळखीचा शब्द आला की डोळा पुढे सरकायचा आणि चूक तिथंच राहायची. पण तिथे शुद्धिपत्र लावता येतं."

"काका, मोतीबिंदूच आहे. ऑपरेशन करू, होतील डोळे बरे," मी म्हटलं. "तोपर्यंत काकू आहेत, आम्हीही जरा लवकर येत जाऊ. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"तेच चुकतंय," ते म्हणाले. "काल तुम्ही हसलात. पिंकीची आई, तुम्ही सगळ्यात जास्त हसलात. माझी गचांडी धरायची होती तुम्ही. विचारायचं होतं, म्हाताऱ्या, तुला दिसतंय का? कुणी विचारलं नाही. मी काय देव आहे का? माझ्याकडे मुलं दिलीत, तर माझ्यावरही कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

कुंदा रडायला लागली, रागानं की कशानं ते तिलाही सांगता आलं नसतं. मला तर सरळ संतापच आला होता. दीड वर्ष सुरळीत चाललेलं माझं आयुष्य एका हट्टी म्हाताऱ्यानं तत्त्वापायी मोडलं, असंच मला त्या क्षणी वाटलं. घरी येऊन मी पर्स फेकली आणि सुधीरला म्हटलं, "झालं. आता मी राजीनामा देते, दुसरं काय."

सुधीरनं सगळं ऐकून घेतलं. माझी अपेक्षा होती की तो काहीतरी विनोद करेल. तो पंख्याकडे बघत पडून होता. मग म्हणाला, "मी कायमची पहिली पाळी मागतो. तीनला सुटतो. दुपारपर्यंत पलीकडच्या गल्लीतलं नवीन पाळणाघर बघू. नंतर ती माझ्याकडे."

"तुझ्याकडे?"

"का? मला येणार नाही?"

कारखान्यात त्याची भरपूर टिंगल झाली. बोरिवलीहून आमच्याकडे आलेल्या त्याच्या आईनं दोन दिवस अबोला धरला. पण पाळी मिळाली.

पाळणाघर बंद झाल्यावर काका-काकू डोंबिवलीला प्रकाशकडे राहायला गेले, आणि पुढे पत्रानं काकांच्या ऑपरेशनचं कळलं तेवढंच. त्यामुळे मी काकांना शेवटचं पाहिलं ते पाळणाघराच्या शेवटच्या दिवशी. काकूंसाठी खण-नारळ घ्यायचा म्हणून मी ऑफिसातून लवकर सुटले होते. बोळात शिरले तर दारात सुधीर उभा. कारखान्यातून तसाच आलेला, शर्टाला वंगणाचे डाग, केसांत धूळ. सईला न्यायला तो पहिल्यांदाच आला होता.

दाराची चौकट अडवून काका उभे होते.

"कोण?"

"मी सुधीर, काका. सईचा बाबा."

आतून सई "बाबा, बाबा" म्हणून ओरडत होती. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मी हाक मारणार होते, पण बोळातच थांबले.

"असे इकडे या. उजेडात," काका म्हणाले.

सुधीर एक पायरी वर चढला. काकांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, दारातल्या उन्हाकडे वळवला आणि नाकाला नाक लागेल इतका जवळ घेतला. बराच वेळ ते बघत राहिले. कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, हनुवटीवरची जुनी खोक अंगठ्यानं चाचपली. माझा बोलघेवडा नवरा डोळ्याची पापणी न हलवता उभा होता.

मग काकांनी हात काढले, आत वळून सईला उचललं आणि त्याच्या हातांत दिलं.

"हं," ते म्हणाले. "बापच आहे."